टक्कल : शास्त्र काय सांगते, समाज काय म्हणतो

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे बँकेच्या कर्ज योजनांवर लेख मागितला होता. गेली तीन वर्षे मी तेच लिहीत आलो आहे आणि तो लेख कोणी वाचत असेल असे मला वाटत नाही. यंदा विषय बदलून द्यावा, अशी मी विनंती केली. नवा विषय ऐकून मंडळाचे दोन पदाधिकारी हसले, आणि हसता हसता दोघांचाही हात नकळत आपापल्या डोक्याकडे गेला. तेव्हाच माझी खात्री झाली की हा विषय घेतलाच पाहिजे.

कारण असे घडले. गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या भागातील काही तरुण दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेले होते. त्यांत आमच्या गल्लीतील एक मुलगा होता. वय चोवीस, पदवीधर, स्पर्धा परीक्षांची तयारी चालू. परत आल्यावर तो घरी भेटायला आला. शिबिरात काय शिकलास, असे मी विचारले. धम्माविषयी चार गोष्टी सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काका, खरं सांगू का? दहा दिवस मी माणसांत मोकळेपणाने बसलो. सगळ्यांचं डोकं सारखंच. माझ्या कपाळाकडे कोणी बघितलं नाही."

महिनाभराने तो पुन्हा आला तेव्हा डोक्यावर टोपी होती. बरोबरच्या मुलांचे केस अर्ध्या पेराएवढे उगवून डोकी काळी झाली होती. याचे मात्र बाजूला आणि मागे केस आले होते, समोर आणि टाळूवर नुसती लव. त्याने टोपी काढून दाखवली व लगेच घातली. दीड वर्षात त्याने तीन उपाय करून सोडले होते. पहिले एक तेल, दुसरा जाहिरातीतला डबा, आणि तिसरे एका डॉक्टरांनी दिलेले औषध. तिसरे का सोडलेस, असे विचारता तो म्हणाला, "ते लावायला लागल्यावर केस जास्तच गळायला लागले. सहाव्या आठवड्यात बंद केलं."

या एका वाक्यामुळे हा लेख लिहीत आहे. तिन्ही उपायांपैकी खरा उपाय तोच होता, आणि ते औषध लागू पडत असण्याची शक्यता होती नेमके त्याच वेळी त्याने ते सोडले. तो मूर्ख नाही, माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे. केसांचे वेळापत्रक त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. मी डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. पण माझे स्वतःचे टक्कल माझ्या नोकरीइतके जुने आहे आणि या विषयावर जे जे विश्वासार्ह वाचायला मिळाले ते मी वीस वर्षे वाचत आलो आहे. ते येथे मांडतो.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस कातडीखालच्या एका छोट्या पिशवीतून उगवतो. तिला आपण केशमूळ म्हणू. केस अखंड वाढत नसतो. दोन ते सहा वर्षे तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, त्यानंतर सुमारे तीन महिने केशमूळ विश्रांती घेते. मग जुना केस गळतो आणि त्याच ठिकाणी नवा केस उगवू लागतो. कोणत्याही दिवशी शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढीच्या अवस्थेत असतात, बाकीचे विश्रांतीत. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निरोगी माणसाचा नित्यक्रम आहे. न्हाणीघराच्या जाळीवर केस दिसले की काळजात धस्स होते, पण ते केस मोजत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा वेगाचा. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. विश्रांतीत गेलेले केशमूळ जागे होऊन त्यातून केस बाहेर पडायला काही महिने, आणि तो केस भांगात दिसण्याइतका लांब व्हायला आणखी काही महिने. जगातील कोणतेही औषध यापेक्षा घाई करू शकत नाही. पंधरा दिवसांत केस उगवण्याची भाषा जो करतो, त्याचा दावा या एका गणिताने निकालात निघतो.

येथेच गोटा करण्याविषयीही सांगून टाकतो. गोटा केला की केस दाट येतात, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. वस्तरा कातडीच्या वर चालतो, केशमूळ कातडीखाली असते. त्याला वस्तऱ्याची वार्ताही नसते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो उगवताना राठ लागतो. शिबिराहून परतलेल्या मुलाच्या आईने हीच आशा धरली होती, तिचा विरस झाला.

आता टक्कल कसे पडते ते पाहू. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डॉक्टरी भाषेतील डीएचटी, तयार होते. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे अशा पुरुषांच्या समोरच्या व टाळूवरच्या केशमुळांना हे डीएचटी सोसत नाही. त्यामुळे केशमूळ दर फेरीत लहान होत जाते. जो केस पूर्वी चार वर्षे वाढायचा तो दोन वर्षे वाढतो, मग एक वर्ष, मग काही महिने. दर वेळी आधीपेक्षा बारीक. शेवटी दाट काळ्या केसाच्या जागी लव उरते. बाजूच्या आणि मागच्या केशमुळांवर डीएचटीचा असा परिणाम होत नाही, म्हणून टक्कल कितीही वाढले तरी घोड्याच्या नालेसारखी झालर शिल्लक राहते.

हे कोडे उलगडण्यात अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांचा वाटा मोठा आहे. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात, हे त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केले. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिकता दोन्ही हवीत. एकाने भागत नाही. टकल्या माणसाच्या रक्तात पुरुषी संप्रेरक जास्त असते, हा आमच्या मंडळींचा आवडता दिलासा मात्र खरा नाही. संप्रेरक सर्वांइतकेच असते, केशमुळे तेवढी हळवी असतात.

"मामाचे डोके बघ म्हणजे तुझे कळेल" असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यात अर्धे तथ्य आहे. या हळवेपणाशी संबंधित एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. पण टकलाशी निगडित जनुके पुष्कळ आहेत आणि ती वडिलांकडूनही येतात. तेव्हा मामाबरोबर वडील व आजोबांकडेही पाहावे, आणि पाहून झाल्यावर कोणालाही दोष देऊ नये. हेल्मेट, बोअरचे पाणी, टोपी, रात्रीचा अभ्यास यांपैकी कशानेही या प्रकारचे टक्कल पडत नाही. हेल्मेटच्या नावाने केसांची तक्रार करून ते घरी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

अर्थात गळणारा प्रत्येक केस टकलाच्या वाटेवर असतो असे नाही. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, उपासमारीचे डाएट, बाळंतपण किंवा जबर मानसिक धक्का यानंतर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरून सगळीकडून मूठमूठ केस जातात. २०२१ च्या कोरोना लाटेनंतर हा अनुभव घरोघरी आला. असे केस बहुधा सहा महिन्यांत परत येऊ लागतात. थायरॉइडचा विकार किंवा रक्तातील लोह कमी असणे ही कारणेही तपासावी लागतात, विशेषतः स्त्रियांमध्ये. चाई हा आणखी वेगळा प्रकार. रुपयाच्या नाण्याएवढी गोल जागा एकदम गुळगुळीत होते. किड्याने केस खाल्ले असे आपल्याकडे म्हणतात, पण किड्याचा काही संबंध नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच केशमुळांवर उलटलेली असते. त्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडे उपचार आहेत, आणि पुष्कळदा केस आपोआपही येतात. ती संसर्गजन्य नाही.

संसर्गाच्या भीतीने काय होते ते आपल्या महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत पुरुष, बायका, मुले यांचे केस तीन-चार दिवसांत झडू लागले. वृत्तपत्रांतून "टक्कल व्हायरस" असा शब्द पसरला, आणि व्हायरस म्हटल्यावर बाहेरची माणसे गावकऱ्यांपासून चार हात दूर राहू लागली, सोयरिकी अडू लागल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तपासणीला आले. विंचूदंशावरील कामासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून असा निष्कर्ष मांडला की, रेशनवर मिळालेल्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर होते आणि तेच कारण असावे. पुष्कळांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. धान्यातून आलेल्या दोषाची शिक्षा माणसांना बहिष्काराच्या रूपाने भोगावी लागली. बहिष्कार हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही.

पुन्हा पुरुषी टकलाकडे वळू. त्यावर परिणाम सिद्ध झालेली औषधे मुख्यतः दोन. पहिले मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला, आणि डोक्याला लावण्याचे द्रावण म्हणून त्याला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. दुसरे फिनास्टराइड. १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील मुलग्यांत जन्मतःच डीएचटी तयार होत नव्हते. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत असे आणि टक्कल पडत नसे. त्यावरून डीएचटी कमी करणारी गोळी बनवण्याची दिशा मिळाली. प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये आणि कमी मात्रेत टकलासाठी १९९७ मध्ये तिला मान्यता मिळाली.

आता वेळापत्रक. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात केस जास्त गळू शकतात. विश्रांतीत असलेल्या केशमुळांना औषध जागे करते, नवा केस खालून येऊ लागतो आणि जुना मरगळलेला केस बाहेर पडतो. ही गळती तात्पुरती असते. आमच्या मुलाने नेमके येथे हात टेकले. फरक दिसायला चार महिने लागतात, उपयोग झाला की नाही हे ठरवायला बारा महिने द्यावे लागतात. फिनास्टराइडचेही तसेच. आणि बहुसंख्य पुरुषांच्या बाबतीत "उपयोग झाला" याचा अर्थ गळती थांबली किंवा मंदावली, काही केस परत आले, इतकाच असतो. गुळगुळीत झालेल्या जागेवर विशीतले केस परत येत नाहीत. म्हणून जे वेळेवर सुरू करतात त्यांच्याकडे वाचवण्यासारखे जास्त असते.

औषध बंद केले की मिळवलेले काही महिन्यांत जाते. पूर्वी मी याला रिकरिंग खात्याची उपमा देत असे : मुदतीपूर्वी मोडू नका. एका डॉक्टरांनी माझी उपमा दुरुस्त केली. ते म्हणाले, रिकरिंगला मुदत असते, याला नसते. हे घरभाडे आहे. भरता तोवर घर तुमचे. हे आधीच समजून घ्यावे आणि वर्षानुवर्षे तेवढा खर्च व तेवढी शिस्त झेपेल का, ते ठरवावे. झेपत नसेल तर औषध न घेणे हाही शहाणा निर्णय आहे. टक्कल हा जिवावरचा आजार नव्हे.

गोळीविषयी आणखी तीन गोष्टी. थोड्या पुरुषांना तिच्यामुळे लैंगिक तक्रारी होतात. २०२५ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने असेही मान्य केले की, या गोळ्यांमुळे काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. ज्या मुलाचे मन आधीच खचलेले आहे त्याने मित्राच्या सांगण्यावरून ही गोळी मुळीच सुरू करू नये. डॉक्टरांना मनाची अवस्थाही सांगावी, आणि घेताना उदास वाटू लागल्यास गोळी बंद करून डॉक्टरांकडे जावे. दुसरी गोष्ट गरोदर स्त्रीविषयी. तिने फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला हात लावू नये, कारण पोटातील मुलग्याच्या वाढीत दोष येऊ शकतो. त्यातूनच तिसरी गोष्ट निघते, आणि ती आपल्या मंडळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १४ एप्रिल व ६ डिसेंबर या दोन्ही दिवशी आपण रक्तदान शिबिर घेतो. फिनास्टराइड घेणाऱ्याने शेवटच्या गोळीनंतर किमान एक महिना रक्त देऊ नये, अशी सूचना आहे. ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला चढवले जाऊ शकते. पण ही गोळी घेतो हे सांगायची लाज वाटते म्हणून कोणी फॉर्मवर लिहीत नाही. फॉर्म भरून घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारावा.

तिसरा उपाय केशरोपण. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे. मागची केशमुळे पुढे नेली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५९ साली मांडले व त्यावर हे सारे शास्त्र उभे आहे. येथेही घाई चालत नाही. लावलेले केस पहिल्या महिना-दीड महिन्यात बहुतेक गळून पडतात, मुळे आत राहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस दिसू लागतात आणि पूर्ण चित्र नऊ ते बारा महिन्यांनी कळते. लावलेले केस टिकतात, पण आजूबाजूचे मूळचे केस गळतच राहतात, हे कोणी आगाऊ सांगत नाही. ही शस्त्रक्रिया आहे. व्हिडिओ बघून किंवा कार्यशाळेत बसून ती करण्याची पात्रता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढून सांगावे लागले. तेव्हा प्रत्यक्ष हातात शस्त्र कोण धरणार आणि त्याची पदवी कोणती, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

केसांची वाट पाहणाऱ्या माणसाच्या अधीरतेवर केवढा मोठा व्यापार चालतो, हे मी काउंटरच्या आतून पाहतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण वैयक्तिक कर्जासाठी आला. ऐंशी हजार रुपये, दोन वर्षांची मुदत. कारणाच्या रकान्यात "घरगुती" लिहिले होते. मंजुरी माझ्या हातात नसते, मी कागद तपासतो. कागदांत चुकून एका केसांच्या दवाखान्याचे अंदाजपत्रक आले होते. बारा टक्के दराने हप्ता महिना ३,७६६ रुपये, म्हणजे व्याज दहा हजारांवर. पुढे तो हप्त्यासंबंधी येई तेव्हा माझी नजर त्याच्या डोक्याकडे जाई. सहाव्या हप्त्यापर्यंत काही फरक नव्हता. त्याला तिथे "तीन महिन्यांत रिझल्ट" सांगितले होते. नंतर त्याने शाखेत येणेच बंद केले. हप्ते मात्र नियमित आले.

आपल्या देशात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांना जोडलेली अनुसूची "जे" आहे. जे आजार बरे करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची ती यादी. त्यात कर्करोग, एड्स यांच्या बरोबरीने टक्कल हा शब्दही आहे. टक्कल कायमचे बरे करतो, असे जो छातीठोक सांगतो तो कोणत्या बाजूला उभा आहे हे त्यावरून कळावे.

हे झाले शास्त्र. पण चोवीस वर्षांचा मुलगा दीड वर्षात तीन उपाय का बदलतो, याचे उत्तर शास्त्रात नाही. त्याला घाई कोणी लावली?

बँकेत खातेदाराचा नवा फोटो मागितला की टक्कल पडलेली माणसे ओशाळतात, असा माझा अनुभव आहे. पासबुकावर वीस वर्षांपूर्वीचा फोटो असतो, दाट भांग पाडलेला. "तोच राहू द्या ना साहेब," असे म्हणतात. कचेऱ्यांतून "टकल्या" हे टोपणनाव लाडाचे समजले जाते. २०२२ साली इंग्लंडमधील एका कामगार न्यायाधिकरणासमोर असे प्रकरण आले होते. जवळपास चोवीस वर्षे नोकरी केलेल्या एका कामगाराला वरिष्ठाने टकलावरून शिवी दिली. टक्कल मुख्यतः पुरुषांना पडते, म्हणून त्यावरून अपमान करणे हा लिंगाशी निगडित छळ ठरतो, असा निर्णय न्यायाधिकरणाने दिला. आमच्या शाखेत ही बातमी वाचून खूप हशा झाला. मीही हसलो.

हसण्याची सवयच लागलेली असते. गेल्या वर्षी जानेवारीत झालेल्या वधू-वर परिचय मेळाव्यात सूत्रसंचालकाने एका उमेदवाराची ओळख करून देताना, "यांच्या येण्याने मंचावर उजेड पडला आहे," असा विनोद केला. सभागृह खळखळून हसले. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि हसणाऱ्यांत होतो. त्यानंतरच्या उमेदवाराचे नाव दोनदा पुकारले गेले, कोणी आले नाही. तो उमेदवार म्हणजे आमच्या गल्लीतला हाच मुलगा. हे मला त्याने जूनमध्ये, टोपी हातात धरून सांगितले.

"मुलगा चांगला आहे, पण वयस्कर वाटतो," हे उत्तर मीही माझ्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणी ऐकले आहे. पण एक गोष्ट आपण पुरुषांनी कबूल करावी. टकलामुळे नकार आला म्हणून कळवळणारी आपली मुले स्वतःच्या अपेक्षांच्या रकान्यात "गोरी, लांब केसांची" असे लिहितात. आपल्या मेळाव्याच्या अर्जात रंगाचा रकाना अजून आहे. तो येत्या मेळाव्यापूर्वी काढावा, अशी सूचना मी मंडळाकडे लेखी दिली आहे.

बाबासाहेबांनी "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याच्या दिवसांची आठवण लिहिली आहे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसेही होते. पण अस्पृश्याचे केस कापायला कोणी तयार नसे, म्हणून त्यांचे व त्यांच्या भावाचे केस थोरली बहीण कापत असे. केस या क्षुल्लक गोष्टीतून माणसाला किती खाली ढकलता येते, हे आपल्या घराण्यांना सांगण्याची गरज नाही. आणि त्याच बाबासाहेबांची उत्तरायुष्यातील छायाचित्रे आपल्या घराघरांत आहेत. त्यांचे कपाळ किती वर सरकले होते याचा विचार तरी आपल्या मनात कधी आला काय?

धम्माच्या परंपरेत तर मुंडन केलेले डोके हीच ओळख. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात सिद्धार्थ गौतम भारद्वाजाच्या आश्रमात मुंडन करून परिव्राजक होतात. सुत्तनिपातातील वसलसुत्तात अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण त्यांना दुरूनच अडवतो आणि "मुंडक" म्हणून हिणवतो. शब्दाच्या शेवटी लागलेला तो तुच्छतेचा "क" म्हणजे आपल्या "टकल्या"तला "ल्या"च. उत्तरादाखल भगवंतांनी आपल्या डोक्याचे समर्थन केले नाही. वसल, म्हणजे नीच, खरोखर कोणाला म्हणावे, ते जन्माने ठरते की कर्माने, हे त्याला समजावून दिले. दुसरीकडे मज्झिमनिकायात राजगृहाच्या एका कुंभाराच्या पडवीत पुक्कुसाति नावाचा तरुण त्यांच्याबरोबर रात्र काढतो आणि आपण कोणाशेजारी बसलो आहोत हे त्याला कितीतरी वेळ कळत नाही. इतर श्रमणांपेक्षा ते दिसायला वेगळे नव्हते. आमच्या मुलाला शिबिरात जो मोकळेपणा लाभला त्याची मुळे इतकी जुनी आहेत. थेरीगाथेत वैशालीची आम्रपाली आपल्या म्हातारपणाचे वर्णन करताना, एके काळी भुंग्यासारखे काळे असलेले केस आता जागोजागी विरळ झाले व माथा उघडा पडला, हे स्वच्छ सांगते. त्यासाठी ती जो "खलित" शब्द वापरते त्याचाच भाऊबंद म्हणजे आयुर्वेदातील टकलाचे नाव, खालित्य. त्या काळी सौंदर्यासाठी नावाजलेल्या स्त्रीने हे लपवले नाही.

पण हे सगळे त्या मुलाला सांगून मी त्याला औषध घेऊ नकोस असे म्हटले नाही. चोवीसाव्या वर्षी आरशात बघून वाईट वाटणे हा काही धम्मद्रोह नव्हे. जुलैमध्ये आम्ही दोघे सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. केसपेपर काढून दोन तास रांगेत बसलो. डॉक्टर बाईंनी डोके तपासले, रक्त तपासायला सांगितले, सुरुवातीची अवस्था आहे म्हणाल्या. मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू केले. गोळी तूर्त नको असे त्यानेच ठरवले. बाईंनी एक उत्तम सूचना केली. रोज आरसा बघायचा नाही. महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात, केस कोरडे असताना फोटो काढायचा आणि पहिल्या फोटोशी ताडून पाहायचा.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर टाकीच्या भिंतीजवळ त्याला उभा करून दर एक तारखेला सकाळी आठ वाजता मी फोटो काढतो. दुसरा फोटो पहिल्यापेक्षा वाईट होता. त्या वेळी त्याने पुन्हा औषध बंद करण्याची भाषा काढली, मी त्याला आठवड्यांचा हिशेब मांडून दाखवला. चौथ्या फोटोत काही फरक नव्हता. या मार्चमध्ये नववा फोटो काढला. टाळूवर थोडे भरले आहे, असे त्याच्या आईचे व माझे मत आहे. त्याला ते मान्य नाही. उजेड वेगळा पडला आहे, असे तो म्हणतो. मे महिन्याच्या शिबिरासाठी त्याने पुन्हा नाव दिले आहे. मुंडन केल्यावर औषध लावायचे की नाही, हे विचारायला आम्हाला पुढच्या सोमवारी रुग्णालयात जायचे आहे.